भुताखेतांचे चित्रपट आणि आपण बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी शिकलीसवरलेली पाहुणी बोलवावी, तिचे चार शब्द ऐकावेत, अशी आपली रीत. ह्या वर्षी चिटणीसबाईंनी घरच्याच एकीला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पोळपाट-लाटण्याशी जेवढी ओळख, तेवढी ह्या ध्वनिक्षेपकाशी नाही. पण विषय त्यांनीच दिला आणि तो माझ्या आवडीचा निघाला, म्हणून उभी राहिले.

आपण महिन्यातून एक दुपार एकत्र बसून चित्रपट पाहतो. त्यांत भुताखेतांचे चित्रपट फार होतात आणि त्यांची नावे बहुतेक वेळा मीच सुचवते, अशी मंडळात कुजबूज आहे. "कुजबुजीला उत्तर द्या," असे बाई म्हणाल्या. तर हे भाषण म्हणजे उत्तर समजा.

आक्षेप तीन आहेत. पहिला आमच्या शेजारच्या काकूंचा. त्या म्हणतात, "पैसे देऊन काहून भ्यायचं बाई? भ्यायला घरात काय कमी आहे?" दुसरा आक्षेप असा, की भजन-हळदीकुंकवाच्या मंडळात भुते कशाला? संतांचे, देवादिकांचे चित्रपट पाहावेत. नामदेव महाराजांचे नर्सी आपल्या जिल्ह्यात, नागनाथाचे औंढे आपल्या जिल्ह्यात, आणि आपण पाहतो काय तर हडळ! तिसरा आक्षेप असा, की लेकरांच्या आणि सुनांच्या मनावर ह्याचा परिणाम होतो. हा तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याचे उत्तर शेवटी देईन.

आधी काकूंचे. भिण्याची हौस चित्रपटांनी आणलेली नाही. आपल्याकडे हळद शिजवायचे दिवस आठवा. कढईखाली जाळ घालत रात्र रात्र जागायचे. झोप येऊ नये म्हणून म्हाताऱ्या बायका गोष्टी सांगायच्या. कुठे पिंपळावरचा मुंजा, कुठे बांधावरचा चकवा, कुठे विहिरीवरची जखीण. लेकरे भ्यायची, एकमेकांना चिकटून बसायची आणि पुन्हा म्हणायची, "आजी, अजून एक सांग." भीती वाटली की छातीत धडधडते, हात गार पडतात, आणि गोष्ट संपली की आपण घरातच आहोत, शेजारी माय आहे, हे कळून जीव हलका होतो. त्या हलकेपणाची ती गोडी असते. घरातली भीती संपत नाही, काकू. गोष्टीतली संपते. हाच दोहोंत फरक आहे.

आता ह्या चित्रपटांचा थोडा वंश सांगते. माझा भाचा चित्रपटवेडा आहे. बरीचशी माहिती त्याची, निवड मात्र माझी.

सासूबाईंच्या पिढीने पाहिलेला 'महल' १९४९ सालचा. मधुबाला आणि अशोककुमार. ओसाड हवेली, झोपाळा, अंधारातून येणारे गाणे. त्यानंतर १९६२ साली 'बीस साल बाद' आला आणि १९६४ साली साधनाचा 'वो कौन थी'. ह्या तिन्हींत एक गंमत आहे. ज्याला आपण भूत समजून दोन-अडीच तास घाबरतो, ते शेवटी हाडामांसाचे माणूस निघते. कोणी इस्टेटीसाठी, कोणी सुडासाठी, कोणी प्रेमासाठी भुताचे सोंग घेतलेले असते. त्या काळच्या चित्रपटांनी एक चांगले शिकवले : भूत दिसले की त्याचे पाय उलटे आहेत का हे पाहण्याआधी त्यात फायदा कोणाचा आहे ते पाहा.

मग रामसे बंधू आले. त्यांच्या वडिलांचे कराचीला रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर ते मुंबईला आले. १९७२ साली ह्या भावांनी 'दो गज जमीन के नीचे' काढला. सगळे घरच कामाला लागले. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक कथेवर, आणि मंडळी बाहेरगावी चित्रणाला गेली की घरच्या बायका साऱ्यांचा स्वयंपाक करीत. म्हणजे तिथेही चूल आपल्याच वाट्याला! १९८४ सालच्या 'पुराना मंदिर'मधला सामरी राक्षस कित्येकींना आठवत असेल. आमच्या लहानपणी गणपतीत पडदा लावून व्हिडिओ दाखवायचे, तेव्हा सामरी आला की अर्धे गाव डोळे मिटायचे आणि अर्धे गाव हसायचे. हे चित्रपट अडाणी होते असे म्हणतात. असतील. पण त्यांनी कधी शहाणपणाचा आव आणला नाही. घाबरवतो म्हणाले आणि घाबरवले.

आपल्या मराठीत मात्र भुताला हसण्याची रीत पडली. महेश कोठाऱ्यांचा 'झपाटलेला' १९९३ सालचा. तात्या विंचू नावाच्या गुंडाचा जीव बाहुल्यात शिरतो. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा आणि घाबरणारा लक्ष्मीकांत बेर्डे. २००४ सालचा 'पछाडलेला' त्याच घरचा. ज्यांना भुताची फार भीती वाटते त्यांनी सुरुवात ह्या दोहोंपासून करावी. हसता हसता भीती मोडते.

इथवर सांगितले ते मनोरंजन झाले. आता मुद्द्याचे बोलते.

मी पुष्कळ भयपट पाहिले आणि मला एक गोष्ट खटकू लागली. भूत बहुतेक वेळा बाईचेच असते. पांढरे पातळ, मोकळे केस. आपल्या जुन्या गोष्टी काढा. त्यांतही तेच. बाळंतपणात गेली, झाली हडळ. विहिरीत जीव दिला, झाली जखीण. गावोगाव अशी एक विहीर असते, तिच्याकडे संध्याकाळी बायका जात नाहीत. पण ती विहिरीत कशाने गेली, हे कोणी सांगत नाही. बाळंतपणात मेली तेव्हा सुईण होती का, बैलगाडी मिळाली का, कोणी दवाखान्यात नेले का, हे कोणी विचारत नाही. तिच्या मरणाची चौकशी कोणी केली नाही, तिच्या भुताची भीती मात्र साऱ्या गावाने घेतली.

तेव्हापासून मी भयपटाला एकच कसोटी लावते. हा चित्रपट नुसता भूत दाखवतो, की ती बाई मेली कशाने, हेही विचारतो? जो विचारतो तो चांगला. जो विचारत नाही तो घटकाभर करमणुकीचा.

परदेशातसुद्धा हेच दिसते. फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचे नाव तुम्ही मुलांकडून ऐकले असेल. प्रेतांचे तुकडे जोडून एक शास्त्रज्ञ राक्षस बनवतो, मग त्यालाच घाबरून त्याला टाकून पळतो. १९३१ साली त्याच्यावर बोलपट निघाला आणि जगभर गाजला. पण मूळ कादंबरी १८१८ सालची, आणि लिहिणारी मेरी शेली नावाची बाई. लिहायला घेतली तेव्हा तिचे वय अठरा. तिच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत तिची आई गेलेली, आणि तिचे स्वतःचे पहिले मूल १८१५ साली काही दिवसांचे होऊन गेलेले. माझ्या मुलीने हे मला वाचून दाखवले, तेव्हा मला वाटले, मेलेल्यात जीव आणण्याची गोष्ट ह्या पोरीला सुचली, त्यात नवल ते काय? जपानी लोकांचा गॉडझिला १९५४ सालचा. समुद्रातून येऊन शहरे जाळणारा अजस्र प्राणी. पण त्याच्या नऊच वर्षे आधी त्या देशाने दोन अणुबाँब सोसले होते. राक्षस उगीच जन्मत नाही, त्याच्या मागे कोणाचे तरी दुःख असते.

आता माझ्या कसोटीला उतरलेले तीन चित्रपट सांगते.

पहिला 'तुंबाड', २०१८ सालचा, राही अनिल बर्वे ह्यांचा. भाषा हिंदी असली तरी माती कोकणची आहे, आणि त्यात आपल्या नारायण धारपांच्या एका कथेचा धागा आहे. सतत पाऊस, पडका वाडा, आणि वाड्याच्या पोटात दडलेला हस्तर नावाचा सोन्याचा लोभी देवपुत्र. त्याला सोने मिळाले पण धान्य मिळाले नाही, म्हणून तो कायमचा भुकेला. त्याच्याकडून मोहरा चोरायला माणूस पुन्हा पुन्हा जातो. पहिल्या खेपेला हा चित्रपट फारसा चालला नाही. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लावला, तर आधीपेक्षा जास्त चालला. ह्यात बाईचे भूत नाही, पण प्रश्न तोच आहे : राक्षस कोण, खाली बसलेला भुकेला, की वरून दोर सोडून उतरणारा? ज्या घरात वाटणीची भांडणे चालू आहेत त्या घराने अवश्य पाहावा. लेकरांना मात्र दाखवू नये.

दुसरा 'स्त्री', तोही २०१८ चाच. चंदेरी गावात रात्री एक स्त्री येते आणि पुरुषांना घेऊन जाते. मग बायका नवऱ्यांना बजावतात, "अंधार पडला, एकटे बाहेर जाऊ नका." आपण हे पाहिले तेव्हा मागच्या रांगेतून केवढा हशा उठला होता! जन्मभर जे आपण ऐकले ते पुरुषांना ऐकावे लागते, ही त्यातली खरी मौज. आणि ती स्त्री अशी का झाली, हे चित्रपट विचारतो. गावाने तिचा संसार होऊ दिला नव्हता.

तिसरा 'लपाछपी', २०१७ सालचा, विशाल फुरिया ह्यांचा. हा आपल्या मराठीत आहे, ह्याचा मला अभिमान वाटतो. पुढे त्यांनीच तो हिंदीत 'छोरी' नावाने २०२१ साली केला. पूजा सावंत ही पोटुशी सून, नवऱ्याबरोबर एका आडबाजूच्या घरी येते. चारही बाजूंनी उंच ऊस. ऊस आपल्याला नवा नाही. वसमतकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना तोच असतो. पण ह्या चित्रपटात त्या उसातून लेकरांचे आवाज येतात. घरची बाई उषा नाईक ह्यांनी अशी उभी केली आहे, की ती जेवायला वाढते तेव्हाही अंगावर काटा येतो. ही लेकरे कोण, ह्याचे उत्तर मी फोडत नाही. एवढेच सांगते, की २०११ च्या शिरगणतीत आपल्या महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे मुली ८९४ होत्या. उरलेल्या कुठे गेल्या, हे उसाला विचारले तर ऊस काय सांगेल, असा हा चित्रपट आहे.

हा चित्रपट आपण पाहिला, त्या दिवसाबद्दल मला बोलायचे आहे. जिची गोष्ट आहे तिची आणि तिच्या सासूची परवानगी घेऊन बोलते, नाव सांगत नाही.

आपल्यातल्या एका बाईंची सून तेव्हा बाळंत होऊन दीड महिना झाला होता. पोरगी झोपत नव्हती. लेकरू जवळ दिले तर रडायची, नाही तर भिंतीकडे पाहत बसायची. एकदा म्हणाली, "लेकराला माझ्यापासून दूर ठेवा." घरात ठरले, हिला बाहेरचे लागले. भानामती म्हणा, करणी म्हणा, आपल्या मराठवाड्याला हे शब्द शिकवावे लागत नाहीत. येत्या अमावास्येला तिला एका बाबाकडे न्यायचे ठरले. तिथे धुरी देतात, केस धरून विचारतात, हे साऱ्यांना ठाऊक होते.

अमावास्या चार दिवसांवर असताना आपण 'लपाछपी' पाहिला. संपल्यावर नेहमी आपण चहा घेत बोलतो. त्या दिवशी कोणी बोलेना. मग मीच माझा नेहमीचा प्रश्न टाकला, "ह्या बाया मेल्या कशाने?" ज्याला त्याला सुचेल ते सांगू लागल्या. त्या बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाल्या, "माझ्या सुनेला काय होतंय, ते मी दहा जणींला इचारलं. तिला नाही इचारलं."

चित्रपटाने चमत्कार केला असे मी म्हणणार नाही. घरचे पुरुष दुसऱ्या दिवशीही बाबाचेच नाव घेत होते. आपल्यातल्या पाच जणी त्या घरी गेल्या. दोघी सासऱ्यांशी बोलल्या, एकीने लेकरू घेतले, आणि सासू सुनेजवळ जाऊन बसली. दोन तास बसली. तिसऱ्या दिवशी सून दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी सांगितले, की बाळंतपणानंतर काही बायकांना असे नैराश्य येते, त्यात तिचा दोष नाही, हे दुखणे आहे आणि औषधाने, झोपेने आणि घरच्या आधाराने बरे होते. बरे व्हायला चार-पाच महिने लागले. आज ती आपल्या मंडळाची सभासद आहे, आणि भयपट असला तर उशी घेऊन येते, तोंड लपवायला.

भगिनींनो, आता तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर. भयपटांनी मनावर परिणाम होतो का? होतो. म्हणूनच कोणता पाहावा आणि कसा पाहावा, हे ठरवले पाहिजे. पण त्या पोरीला बाबाकडे न्यायचे ठरवणाऱ्या घराने एकही भयपट पाहिलेला नव्हता. पडद्यावरचे भूत दिवा लावला की जाते. जे भूत बाईच्या अंगात आहे असे घरादाराने ठरवले, ते तिला मारूनच काढतात.

ह्यासाठी आपल्या राज्यात कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात तो हाच. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा आहे. करणी करते असा बाईवर आळ घेऊन तिला छळणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. हा कायदा देवाच्या विरुद्ध नाही. आपली वारी, आपले भजन, आपले औंढ्याचे दर्शन ह्यांना त्याने हात लावलेला नाही. तेव्हा दुसऱ्या आक्षेपवाल्या भगिनींनी निर्धास्त असावे. आणखी एक क्रमांक लिहून ठेवा : १४४१६. मनाच्या दुखण्यासाठी सरकारची ही फुकट सेवा आहे, टेलि-मानस तिचे नाव. आपल्या भाषेत बोलता येते.

आता भयपट पाहण्याचे माझे चार नियम सांगते.

एक, एकटीने पाहू नये. चौघींत पाहावा, आणि संपल्यावर लगेच उठू नये. चहा घ्यावा, बोलावे. बोललेली भीती निम्मी होते.

दोन, पोटुशी बाई, ओली बाळंतीण, आणि जिच्या घरी नुकते कोणी गेले आहे, तिला आग्रह करू नये. 'लपाछपी' तर पोटुशीने मुळीच पाहू नये. चित्रपट कुठे जात नाही.

तीन, लेकरू भ्याले तर त्याला भित्रे म्हणू नये. टीव्हीचा आवाज बंद करून तोच प्रसंग पुन्हा दाखवावा. अर्धी भीती आवाजात असते. दार करकरते, वाद्ये थांबतात, आणि मग एकदम मोठा आवाज येतो, तेव्हा आपण दचकतो. आवाज काढला की राक्षस म्हणजे रंग फासलेला माणूस उरतो. तात्या विंचूच्या मागे पाध्यांचा हात आहे, हे कळले की लेकरू स्वतःच बाहुला करायला बसते.

चार, चित्रपटात मांत्रिकाने भूत काढले, म्हणून घरात तसे करू नये. चित्रपटवाल्याला शेवट हवा असतो, म्हणून तो मांत्रिक आणतो.

येत्या वर्षासाठी माझी यादीही सादर करते. श्रावणात हलकाफुलका 'पछाडलेला'. दसऱ्याच्या सुट्टीत मोठ्या लेकरांसह 'मुंज्या', २०२४ सालचा. पिंपळावरचा आपला मुंजाच आहे तो, कोकणातला. आदित्य सरपोतदार ह्यांनी केलेला. त्यांचाच २०२२ सालचा 'झोंबिवली' हिवाळ्यात पाहू. डोंबिवलीत माणसे मेल्यावर उठतात आणि टोलेजंग इमारतीतल्यांना झोपडपट्टीतल्यांबरोबर जीव वाचवावा लागतो. जुन्यांपैकी 'वो कौन थी', सासूबाईंच्या पिढीसाठी, गाण्यांसकट. आणि ज्या नव्या सभासदांनी पाहिला नाही, त्यांच्यासाठी 'लपाछपी' पुन्हा एकदा. संतांचा एक चित्रपट मध्ये घालावा ही सूचना मला मान्य आहे, तो कोणता हे आक्षेप घेणाऱ्या भगिनींनीच सुचवावे.

शेवटी एकच विनंती करते. तुमच्या गावात, तुमच्या माहेरी, एखादी विहीर, एखादे झाड, एखादा पडका वाडा असा असेल, की जिथे अमकीचे भूत आहे म्हणतात. दिवाळीला माहेरी गेलात की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ती कोण होती, कोणाची लेक होती, कशाने गेली. तिचे नाव कळले तर लिहून आणा. मंडळाच्या एका वहीत आपण ती नावे लिहू. तिला कोणी तरी विचारले, एवढे तरी होईल.

 चहा तयार आहे असे आतून खुणावत आहेत, म्हणून माझे चार शब्द इथेच पुरे करते.